विमलाबाईंची बंगई आणि जवसाचं पॉलिश

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बातमी फुटली, की धोट्यांच्या विमलाबाईंनी गच्चीवर मोहाची भट्टी लावली आहे. बातमी आणली पिंकीनं. पिंकी म्हणजे विमलाबाईंच्या शेजारच्या घरातली सून. ती हवेतलं काही बोलत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघते आणि मग त्यात आपल्या घरचं मीठ-तिखट घालते. तिनं जे बघितलं ते सगळं खरंच होतं. गच्चीवर शेगडी होती, शेगडीवर पातेलं, त्या पातेल्यात दुसरं पातेलं. बाजूला धुऊन पालथ्या घातलेल्या काचेच्या बरण्या. रेल्वेतून रिटायर झालेले, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात असे बाबाराव धोटे फडक्यातून काहीतरी गाळत होते, आणि गाळता गाळता नाक पातेल्यात घालून वास घेत होते. दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवरून धूर निघाला आणि बाबाराव बनियनवर बादली घेऊन धावले. आता एवढं बघितल्यावर एखाद्या देवमाणसाच्या मनातसुद्धा दुसरं काय येणार? संध्याकाळी नाक्यावरच्या पानठेल्यावर एकानं बाबारावांना बाजूला घेतलं आणि अदबीनं विचारलं, "दादा, अपने लिए भी एकाध बोतल रखना."

तर ती दारू नव्हती. ते लाकडाला लावायचं पॉलिश होतं, मेण आणि जवसाचं तेल घालून घरी केलेलं. पाऱ्यातल्या कित्येकांना हे कळल्यावर जी निराशा झाली ती अजून ओसरलेली नाही. पण भट्टीपेक्षा पॉलिशाची गोष्ट जास्त चढणारी निघाली.

विमलाबाई मूळच्या तुमसरच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या तेव्हा हिंदीचा एक शब्द येत नव्हता. भाजीवालीशी मराठीत भांडायच्या, ती छत्तीसगढीत भांडायची, आणि शेवटी कोथिंबीर फुकट मिळायची. आता त्या हो म्हणायला 'हव' पण म्हणतात आणि 'भैया' पण म्हणतात, भांडायचं मात्र अजून मराठीतच. बाबाराव पार्सल ऑफिसात कारकून होते. त्यांच्या उभ्या नोकरीत कधी धावपळ झाली नाही, ती सगळी घरी झाली, कारण विमलाबाईंना एखादी गोष्ट सुचली की ती त्यांच्या अंगात येते. एकदा घरी साबण केला, तर मोरीतून फेस निघून अंगणात आला आणि अंगणातून गल्लीत. एकदा पलंगाखाली मशरूम लावले. मशरूम काही आले नाहीत, पण बाबारावांना सर्दी झाली ती पावसाळा संपेपर्यंत टिकली. नवं काही डोक्यात आलं की विमलाबाई पदर खोचतात आणि म्हणतात, "अजी, ऐकता का?" हे तीन शब्द ऐकले की बाबाराव आधी चष्मा काढून खिशात ठेवतात. चष्मे त्यांचे बरेच फुटले आहेत.

या बाईचं सिंहासन म्हणजे बंगई. पुण्या-मुंबईकडे जिला झोपाळा म्हणतात ती. सागवानाची, दोन माणसं ऐसपैस आणि तीन माणसं दाटीवाटीनं बसतील अशी, पाठीला कातीव दांड्यांची, पितळी साखळ्यांची. लग्नानंतर काही वर्षांनी विमलाबाईंना भिशी लागली होती आणि त्या फ्रीज घ्यायला घरातून निघाल्या होत्या. वाटेत लाकडाच्या टालेवर ही बंगई उभी होती. कोणीतरी बनवायला सांगून न्यायलाच आलं नव्हतं. विमलाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, तिला एकदा हात लावला, आणि फ्रीज राहिला दुकानात. ठेल्यावर बंगई लादून घरी आल्या तेव्हा बाबाराव दारात उभे होते.

"फ्रीज कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"हाच. ह्याच्यावर बसा, गार वाटते."

त्या उन्हाळ्यात घर माठाचंच पाणी प्यालं. पण संध्याकाळी बंगईवर बसायला पहिला नंबर बाबारावांचाच असायचा, हेही सांगून टाकलेलं बरं. मग त्याच बंगईवर मुलगा निरंजन निजला, त्याच बंगईवर त्यानं पाढे म्हटले. पाऱ्यातल्या दोन-तीन पोट्टींची लग्नं विमलाबाईंनी त्याच बंगईवर बसून जमवली, आणि एकीचं मोडलं. मोडलं तेही बरंच झालं, असं ती पोट्टी अजून सांगते.

आता निरंजन इंजिनिअर. नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात मोठ्या पगारावर. त्यानं तेलीबांध्याला फ्लॅट घेतला, गॅलरीतून तलाव दिसतो असा. आईबाबांनाही तिकडेच न्यायचं ठरलं. उरल्याच्या कारखान्यांच्या वाटेवरचं हे जुनं घर भाड्यानं द्यायचं. विमलाबाईंना आनंद झाला, त्यांनी पाऱ्यात पेढे वाटले. एवढ्यात निरंजननं मोबाइलवर नव्या हॉलचं चित्र दाखवलं. सगळं पांढरं आणि राखाडी. भिंत पांढरी, सोफा राखाडी, पडदा कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते कळू नये असं. विमलाबाईंनी चष्मा लावून दोनदा पाहिलं.

"यात बंगई कुठं हाय?"

निरंजननं घसा साफ केला. तो घसा साफ करतो तेव्हा वाईट बातमी असते, हे त्याच्या दहावीच्या निकालापासून घरात माहीत आहे.

"आई, रविवारी रणजित भैया येऊन राहिले. त्यांचं ते गार्डन रेस्टॉरंट हाय ना, त्यांना जुनं लाकूड पाहिजे. मी फोटो पाठवला होता. ते घेऊन जातील."

"म्हणजे माझ्या बंगईवर बसून लोकं चाऊमीन खातील?"

"खाऊ दे ना. तुले रिक्लायनर घेतो मस्त. बटन दाबलं का पाय वर."

"माझे पाय मीच वर घेते. मले बटन नाही पाहिजे."

सून अनुश्री रायपुरातच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिला दिवस गेले होते आणि कोरड्या उलट्यांनी जीव हैराण झाला होता. ती बिचारी मध्ये पडली. "मम्मी, लकड़ी तो अच्छी है. पर देखो ना, कितनी काली हो गई है. हाथ लगाओ तो चिपचिप करती है. पॉलिश करवा लेते, लेकिन वो थिनर की बदबू..." एवढं म्हणेपर्यंत नुसत्या आठवणीनंच तिनं ओढणी तोंडाला लावली आणि आत पळाली.

विमलाबाईंनी बंगईकडे बघितलं. खोटं बोलत नव्हती सून. इतक्या वर्षांच्या डोक्यांचं तेल पाठीला, इतक्या जणांचा घाम हातांच्या दांड्यांना, आणि वर उरल्याची काळी धूळ, जी खिडकी लावली तरी आत येते आणि उघडली तर पाहुणीसारखी बसूनच राहते. बंगईचा सागवानी रंग कसा होता ते बाबारावांनाही आठवेना. पण ही बंगई गेली तर तेलीबांध्याच्या त्या पांढऱ्या हॉलमध्ये आपण कुठं बसायचं, आणि बसून कोण म्हणून बसायचं, हा प्रश्न विमलाबाईंपुढे उभा राहिला. त्या घरात त्यांची म्हणून एक तरी वस्तू पाहिजे होती. ती हीच होती, दुसरी नव्हती.

"बिनवासाचं पॉलिश केलं न चमकवून दाखवली तर?" त्यांनी विचारलं. "रविवारच्या आत. मग नेशीन का?"

"असं पॉलिश असते का, आई?"

"ते मी बघते. तू नेशीन का ते सांग."

निरंजन हसला. "अनुनं हो म्हटलं तर नेऊ. तिनं नाही म्हटलं तर रणजित भैया घेऊन जातील, मग तू रुसायचं नाही."

"हव," विमलाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचला. "अजी, ऐकता का?"

बाबारावांनी चष्मा खिशात ठेवला.

पॉलिशाची कृती विमलाबाईंना मोबाइलमध्ये मिळाली. कुठला तरी परदेशातला दाढीवाला माणूस मेण आणि अळशीचं तेल गरम करून एकत्र करत होता आणि थिजल्यावर लाकडाला चोळत होता. विमलाबाईंनी मांडीवर थाप मारली. अळशी म्हणजे जवस. जवसाची चटणी त्या आठवड्याला वाटतात, जवसाचं तेल त्यांच्या आईनं आयुष्यभर खाल्लं. जे पोटात जातं ते सुनेला बाधणार कसं? त्यांना असा काही हुरूप आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा अर्धा टाकून त्या बाबारावांच्या स्कूटरवर मागे बसल्या आणि अभनपूरला तेलाच्या घाण्यावर जाऊन उतरल्या. घाणेवाल्यानं विचारलं, "खाने का चाहिए कि लगाने का?" विमलाबाई म्हणाल्या, "पहले लगाएंगे. बचा तो खाएंगे." घाणेवाला बाबारावांकडे बघत राहिला. बाबारावांनी मान हलवली, म्हणजे हो, असंच असते.

परत येताना गोलबाजारात पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीच्या वाण्याकडे, मेण मागितलं. त्यानं पांढरं स्वच्छ मेण पुढं केलं. विमलाबाईंनी नखानं खरवडून वास घेतला.

"हे मेणबत्तीचं हाय, भाऊ. मले माशीचं पाहिजे."

"माताजी, मक्खी वाला महंगा पड़ेगा."

"पडू दे. माशीनं मेहनत केली न. तू काय केलं?"

पंसाऱ्यानं आतून पिवळंधमक, मधाचा वास येणारी वडी काढून दिली. विमलाबाई ती वडी पूर्ण वाट हातात धरून बसल्या, जसा काही देवीचा प्रसाद.

मग गच्चीवर तो सोहळा झाला, जो पिंकीनं पाहिला. मेण थेट आचेवर ठेवायचं नसतं, पेट घेतं, म्हणून पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं. मेण वितळलं, त्यात तेल घालायला सुरुवात झाली. एक वाटी मेणाला चार वाट्या तेल, असं दाढीवाल्यानं सांगितलं होतं. बाबाराव मोजत होते.

"विमला, चार झाल्या."

"टाका अजून एक."

"तो तर चारच म्हणून राहिला."

"त्याच्या घरच्या भाजीवर तर्री येते का? पाहा त्याचं तोंड कसं कोरडं हाय. टाका."

आता वैदर्भी हाताला तेल मोजायला सांगणं म्हणजे नळाला थेंब मोजायला सांगणं. रस्सा असो का वांगं, वर लाल तर्री तरंगली नाही तर भाजी झालीच नाही, असं मानणारी ही माणसं. चाराच्या सहा झाल्या, सहाच्या किती झाल्या ते बाबारावांनीही मोजायचं सोडलं. लावतानाही तेच. दाढीवाला नखाएवढं घेऊन चोळत होता, पुसत होता. विमलाबाईंनी ओंजळीनं लावलं. दांड्यांच्या खाचांमध्ये बोटं घालून भरलं, जशी भरली वांगी भरतात. पुसायचं तर नावच नाही.

"पुसायचं नाही का?" बाबारावांनी भीत भीत विचारलं.

"लोणचं घातल्यावर पुसता का तुम्ही? मुरू द्या." आणि वर चांगली हवा लागावी म्हणून त्यांनी हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

सकाळी बाबाराव रोजच्या सवयीनं पेपर आणि चहा घेऊन बंगईवर बसले. चहा संपला. उठायला गेले तर बंगईही थोडी त्यांच्याबरोबर उठली. ओढून पाहिलं, पायजमा येईना. पेपर दांडीवर ठेवला होता तो सुटला, पण त्याची बातमी दांडीवर उलटी छापली गेली. विमलाबाईंनी मागून धरून, हळदीकुंकवाच्या ताटासारखं अलगद, त्यांना सोडवलं. आणि मग उजेडात बंगईकडे पाहिलं. उघड्या खिडक्यांतून रात्रभर उरल्याची धूळ आली होती, आणि तिला बसायला इतकी चिकट, इतकी प्रेमळ जागा कधीच मिळाली नसेल. बंगई आधी काळी होती, आता ती तवा झाली होती.

विमलाबाईंनी घरातली होती नव्हती ती सगळी फडकी काढली आणि पुसायला लागल्या. चिकटा निघायचा थोडा, पसरायचा जास्त. चिडून त्यांनी ती तेलकट फडकी गोळा करून प्लास्टिकच्या टबात कोंबली आणि टब गच्चीवर उन्हात ठेवून दिला. दुपारी टबातून धूर. जवसाचं तेल वाळताना आपलं आपणच तापतं, आणि फडक्यांचा घट्ट बोळा असला तर ती गरमी बाहेर जात नाही, आतल्या आत वाढते, हे घरात कोणालाही माहीत नव्हतं. बाबाराव बादली घेऊन धावले, टबाची कड वितळली होती, फडक्यांच्या मध्ये लाल ठिणगी दिसत होती. पाणी ओतलं, भागलं. तेव्हापासून त्या घरात तेलाचं फडकं एकेक वेगळं करून दोरीवर पसरतात नाहीतर पाण्यात भिजवून ठेवतात. बोळा करायचा म्हटलं तर बाबाराव हात जोडतात. पिंकी मात्र पलीकडच्या गच्चीवर कुरड्या वाळवत होती आणि तिनं धूर पाहिला होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

संध्याकाळी निरंजन येऊन गेला. त्यानं बंगईवर एक बोट फिरवलं, बोट काळं झालं. आईला तो काही लागेल असं बोलला नाही. रुमालाला बोट पुसत एवढंच म्हणाला, "राहू दे ना, आई, आता. रणजित भैया असेच घेतील. ते तिकडे पॉलिश करून घेतात."

तो गेल्यावर विमलाबाई जमिनीवर बसल्या. बाबारावांना भीती वाटली, कारण बाई गप्प होती आणि काहीही ठरवत नव्हती. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. बाबाराव इकडून तिकडे फिरले. शेवटी स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून म्हणाले, "कटहल आणलं हाय मी. चिरतेस का?"

कटहल म्हणजे कच्चा फणस, आणि फणस म्हणजे चीक. विमलाबाईंनी सवयीनं हातांना तेल लावलं, विळीला लावलं, आणि मुकाट्यानं चिरायला घेतला. चिरता चिरता विळीच्या पात्यावर चीक जमला तसं त्यांनी वाटीतल्या तेलात बोट बुडवलं आणि पात्यावरून फिरवलं. चीक गोळा होऊन सुटला. पातं लख्ख.

त्या थांबल्या. पात्याकडे बघितलं. मग बंगईकडे बघितलं.

"अजी," त्या म्हणाल्या, "ऐकता का?"

बाबारावांना आयुष्यात पहिल्यांदा ते तीन शब्द ऐकून बरं वाटलं. चष्मा त्यांनी आनंदानं काढला.

चिकटलेलं तेल पाण्यानं जात नाही, साबणानं जात नाही, तेलानंच जातं. एवढी साधी गोष्ट त्यांच्या हाताला ठाऊक होती, पण बंगईसमोर उभं राहिल्यावर डोक्याला सुचली नव्हती. फणस अर्धा चिरलेला विळीपाशी तसाच राहिला. विमलाबाईंनी जवसाचं तेल कोमट केलं, पोत्याचा तुकडा घेतला, आणि तेल चोळून चोळून तो काळा राप सोडवायला लागल्या. चोळायचं, सुटलेलं लगेच कोरड्या फडक्यानं उचलून घ्यायचं, फडकं बाबारावांकडे द्यायचं, बाबारावांनी ते दोरीवर पसरायचं. कालची धूळ निघाली, तिच्याबरोबर वर्षावर्षांचा घाम आणि डोक्याचं तेलही निघायला लागलं. आणि बसायच्या फळीच्या कोपऱ्यात एक हातभर जागा अशी उघडी पडली, की दोघंही बघतच राहिले. मधाच्या रंगाचं लाकूड. त्यात गडद रेषा, नदीच्या पाण्यासारख्या वळत गेलेल्या.

"ही अशी होती का?" बाबारावांनी विचारलं.

"अशीच होती. म्हणून तर फ्रीज सोडला होता."

दुसऱ्या दिवशी पिंकी आली. चौकशीला आली असं म्हणायला हरकत नाही, पण तिच्या पदराखाली रिकामी बाटली होती अशी जी अफवा आहे ती तिच्या नवऱ्यानं उठवलेली आहे. दारातच तिनं बंगई बघितली.

"काकू, हमको तो लगा आप लोग..."

"काय लगा?"

"कुछ नहीं. अच्छा लग रहा है."

"अच्छा लगून राहिलं तर हे फडकं धर. ती साखळी घास."

पिंकीनं साखळी घासली. नवं पॉलिश त्या दिवशी झालं, आणि या वेळी तेल मोजायला पिंकीला बसवलं. चार वाट्यांवर विमलाबाईंचा हात पाचवीकडे गेला तेव्हा पिंकीनं वाटीच उचलून मागे धरली. "नहीं काकू. चार." विमलाबाईंना इतकं कोणीच अडवलं नव्हतं. त्यांनी रागानं बघितलं आणि मग हसायला लागल्या. पॉलिश थिजून तुपासारखं झालं, पिवळं, बोटानं उचललं तर बोटाच्या गरमीनं सैल होणारं. लावायचं तर नखाएवढं. चोळायचं असं की लाकूड हाताला कोमट लागलं पाहिजे. मग थोडं थांबायचं आणि सुती फडक्यानं पुसत राहायचं, फडकं कोरडं निघेपर्यंत. बाबारावांची जुनी बनियनं त्या कामी आली. ती पॉलिश करायला इतकी चांगली निघाली, की अंगात घालायला एकच उरलं. आणि या वेळी खिडक्या बंद होत्या, फक्त आतल्या अंगणाकडचं दार उघडं.

विमलाबाईंना मग थांबवणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. उरलेल्या पॉलिशानं देवघर चमकलं, दाराची चौकट चमकली, पोळपाट-लाटणं चमकलं. बाबारावांच्या काठीलाही लावलं. ती इतकी गुळगुळीत झाली, की पहिल्याच फेरीला हातातून सटकून नालीत गेली. पिंकीनं एक वाटी आपल्या घरी नेली आणि सासूच्या नकळत सासूचा पाट चमकवला. सासू पाटावर बसली आणि घसरून भिंतीला टेकली. पण तो शेजारच्या घरचा मामला, आपल्याला काय करायचं.

शनिवारी विमलाबाई बंगईजवळून हालल्या नाहीत. मधूनच मनगटाची उलटी बाजू फळीवर टेकवून बघायच्या, चिकटतं का. पांढरा रुमाल आणला, फिरवला, पांढराच राहिला. बाबारावांना बसायला लावलं, उठायला लावलं, परत बसायला लावलं.

"पायजमा सुटला?"

"सुटला."

"परत बसा."

रविवारी सकाळी रणजित भैया आले, सोबत दोन माणसं आणि मोठी गाडी. निरंजन आणि अनुश्रीही आले. रणजित भैया हॉलमध्ये शिरले आणि बोलता बोलता थांबले. सकाळचं ऊन दारातून आत येत होतं आणि बंगई त्या उन्हात अशी उजळली होती, जशी काही आतून पेटवली आहे. त्यांनी दांडीवरून हात फिरवला, फळीखाली वाकून सांधे बघितले.

"निरंजन भाई, फोटो में तो ये चीज़ दिखी ही नहीं थी. ये तो असली माल है. जो बोला था उससे ऊपर दूँगा. आज ही खोल लेते हैं." त्यांच्या माणसांनी शिडी लावायला घेतली.

इतके दिवस विमलाबाईंना वाटलं होतं की बंगई चमकली की बंगई वाचली. ती चमकली म्हणूनच आता हवीहवीशी झाली, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. निरंजननं बंगईकडे बघितलं, रणजित भैयांकडे बघितलं, आणि घसा साफ केला. बाबारावांनी तो आवाज ऐकला आणि मान खाली घातली.

"निरंजन," विमलाबाई म्हणाल्या, "बोलणं काय झालं होतं? हो का नाही ते अनुश्री सांगीन म्हणून."

"हो आई, पण..."

"मग तिले विचार."

सगळ्यांनी अनुश्रीकडे बघायला मान वळवली, तर अनुश्री जागेवर नव्हती. ती बंगईवर बसली होती, पाय वर घेऊन, पाठ दांड्यांना टेकून. नाक फळीजवळ नेऊन ती वास घेत होती. विमलाबाई एक पाऊल पुढं आल्या. हिला बदबू आली तर संपलं.

"मम्मी," अनुश्री म्हणाली, "इसमें से चटनी की खुशबू आ रही है."

"जवसाच्या तेलाची हाय ती."

"घर में है क्या, वो चटनी?"

विमलाबाई स्वयंपाकघरात इतक्या जोरात गेल्या, की पडदा त्यांच्याबरोबर अर्धी वाट आला. थाळीत गरम भात, त्यावर जवसाची चटणी, आणि वरून तेल. तेल चमचाभरच घातलं, हेही जगात पहिल्यांदाच. अनुश्रीनं एक घास खाल्ला. सगळे बघत होते, कारण त्या पोरीच्या पोटात कित्येक दिवस काही टिकत नव्हतं. तिनं दुसरा घास खाल्ला. तिसरा. पायानं हळूच जमीन रेटली आणि बंगईला झोका दिला. झोक्यावर तिचा चेहरा सैल झाला, डोळे अर्धे मिटले, आणि थाळी रिकामी झाली.

रणजित भैयांची माणसं शिडीवर चढून वाट पाहत होती. रणजित भैया खाकरले. "भाभी जी, ज़रा उठेंगी? चेन खोलनी है."

"नहीं."

"जी?"

"ये नहीं जा रहा भैया. आप बैठिए, चटनी खाके जाइए." आणि निरंजनकडे बघून म्हणाली, "मैं इसी पे बैठूँगी. नौ महीने. उसके बाद भी."

रणजित भैया समजूतदार माणूस. त्यांनी दोनदा मन वळवून पाहिलं, मग खरंच चटणी-भात खाल्ला आणि जाता जाता बाबारावांना हळूच विचारलं, की ते पॉलिश विकत मिळेल का. माणसांनी शिडी उचलली. विमलाबाईंना रडू आलं होतं, पण त्यांनी ते थाळी उचलण्याच्या निमित्तानं आत नेलं.

बाहेर आल्या तेव्हा निरंजन तोंड पाडून उभा होता. बायको हरली नाही, आई हरली नाही, मग राहिला कोण तेवढं त्याला कळून चुकलं होतं. त्यानं शेवटचा डाव टाकला.

"ठीक हाय, नेऊ. पण आई, तिकडे वरती सगळं फॉल्स सीलिंग हाय. प्लास्टरचं. कडीच नाही. ही टांगायची कशाले?"

विमलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग अनुश्रीला वाढायला भाताचं पातेलं हातात घेत म्हणाल्या, "इंजिनिअर तू हायेस का मी? बंगई मी चमकवली. कडी तू ठोक."